सोसायटीचे बिल, सभा आणि नियम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांत सोसायटीच्या बिलाबद्दल आणि कमिटीच्या अधिकारांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. उत्तरांना आधार आहे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, त्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी आलेले स्वतंत्र प्रकरण १३-ब आणि शासनाचे आदर्श उपविधी यांचा. आदर्श उपविधी हा नमुना असतो. तुमच्या सोसायटीने त्याची जी आवृत्ती सर्वसाधारण सभेत स्वीकारून निबंधकांकडे (सहकार खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे) नोंदवून घेतली, तीच तुम्हाला लागू होते. म्हणून आधी आपल्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मिळवा. कित्येक ठिकाणी ती सेक्रेटरींच्या कपाटाबाहेर कधी येतच नाही, आणि निम्मी भांडणे तेवढ्यामुळेच होतात.

प्रश्न : आमच्या इमारतीत वन बीएचके आणि टू बीएचके असे दोन प्रकारचे फ्लॅट आहेत. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा असावा की चौरस फुटावर, यावरून दरवर्षी सभा उधळते. नियम काय सांगतो? (एक सभासद, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. ‘मेंटेनन्स’ या नावाने आपण जी एकच रक्कम भरतो, तिच्यात सात-आठ वेगवेगळी शीर्षे असतात आणि प्रत्येकाची वाटणी निराळ्या पद्धतीने होते.

सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. वॉचमन, सफाई कामगार, माळी यांचे पगार, जिन्यातली व आवारातली वीज, स्टेशनरी, टपाल, लेखापरीक्षण फी, सभेचा खर्च, वकिलाची फी, हाउसिंग फेडरेशनची वर्गणी हे सगळे त्यात येते. वॉचमन मोठ्या फ्लॅटची राखण जास्त करत नाही, म्हणून ही वाटणी समान. लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्वांना सारखा. तळमजल्यावरच्या सभासदालाही तो चुकत नाही, तुम्ही लिफ्ट वापरा किंवा न वापरा. पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर. मालमत्ता कर पालिकेने ज्या फ्लॅटला जितका लावला तितका. विमा, आणि बिनशेतसारा (जमीन शेतीखेरीज वापरण्याचा कर) भरावा लागत असेल तर तोही, क्षेत्रफळाच्या प्रमाणात. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, आणि त्या खर्चात जमिनीची किंमत धरायची नाही. दुरुस्ती व देखभाल निधी वर्षाला किमान ०.७५ टक्के, नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. शिवाय शिक्षण व प्रशिक्षण निधी दर फ्लॅटमागे महिना १० रुपये.

आता हिशेब मांडून पाहू. समजा ४० फ्लॅटची इमारत आहे : २० वन बीएचके, ४५० चौरस फुटांचे, प्रत्येकी पाच नळजोड, २० टू बीएचके, ९०० चौरस फुटांचे, प्रत्येकी सात. सगळे जोड एकाच आकाराचे आहेत. बांधकाम खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, म्हणजे लहान फ्लॅटचा ९ लाख आणि मोठ्याचा १८ लाख. सेवांवरचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी १,५००. लिफ्टचे ८,०००, म्हणजे प्रत्येकी २००. पाण्याचे बिल २४,००० आणि एकूण जोड २४०, म्हणजे एका जोडामागे १०० रुपये. लहान फ्लॅटला ५००, मोठ्याला ७००. सिंकिंग फंड अनुक्रमे १८७.५० आणि ३७५. दुरुस्ती निधी ५६२.५० आणि १,१२५. शिक्षण निधी दोघांना १०. मालमत्ता कर, विमा आणि बिनशेतसारा सोडून लहान फ्लॅटचे बिल २,९६० रुपये झाले आणि मोठ्याचे ३,९१०.

मोठा फ्लॅट आकाराने दुप्पट असला तरी त्याचे बिल साधारण एक तृतीयांशानेच जास्त आले. सरसकट चौरस फुटावर आकारणी केली तर मोठ्या फ्लॅटवर अन्याय होतो. सरसकट समान केली तर सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी आणि पाणी या तीन शीर्षांत लहान फ्लॅट मोठ्याचा भार उचलतो. तुमच्या बिलावर सगळी शीर्षे वेगवेगळी छापायला लावा. एका ओळीत ‘मेंटेनन्स’ लिहून एकच रक्कम मागणारे बिल पुढे वसुलीच्या वेळी सोसायटीलाच अडचणीत आणते.

प्रश्न : आम्हीही फ्लॅटमध्येच राहतो, पण आमच्याकडे मोठ्या फ्लॅटचा मेंटेनन्स खरोखरच क्षेत्रफळानुसार घेतात आणि कायद्यात तसेच आहे म्हणतात. (पुणे)

उत्तर : तुमची बहुधा सहकारी सोसायटी नसून ‘अपार्टमेंट’ असावी. पुण्यात अशा इमारती खूप आहेत. त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू होतो. तिथे सामाईक खर्च प्रत्येक मालकाच्या अविभाज्य हिश्शाच्या टक्केवारीनुसार वाटला जातो, आणि ती टक्केवारी नोंदणीकृत ‘डिक्लरेशन’मध्ये लिहिलेली असते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पुण्यातल्याच एका प्रकरणात हेच सांगितले. आपले काय आहे ते ओळखणे सोपे आहे. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर सोसायटी. ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल तर अपार्टमेंट. एकाचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही. या पानावरची बाकीची उत्तरे सोसायट्यांसाठी आहेत.

प्रश्न : मी नोकरीमुळे बंगळुरूला असतो, फ्लॅट भाड्याने दिला आहे. कमिटी दुप्पट मेंटेनन्स मागते आणि ‘बॅचलरना फ्लॅट देऊ नये’ अशी नोटीस फलकावर लावली आहे. (नाशिकचे सभासद)

उत्तर : दुप्पट आकारणी पूर्णपणे बेकायदा आहे. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटीला जे बिनभोगवटा शुल्क घेता येते (आपण त्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो), त्यावर शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे : सेवा शुल्काच्या कमाल १० टक्के. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा कायम ठेवली. इथे एक चूक सर्रास होते. दहा टक्के काढले जातात ते पूर्ण बिलाचे. काढायचे असतात फक्त सेवा शुल्काचे. वरच्या उदाहरणातला टू बीएचके भाड्याने दिला तर शुल्क १,५०० चे दहा टक्के, म्हणजे १५० रुपये होईल, ३९१ नव्हे. पालिकेचे कर तर त्यात कधीच धरायचे नसतात. मुलगा, विवाहित मुलगी, नातवंडे अशी कुटुंबातली माणसे राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. पाहुणे आणि भाडेकरू यांत फरक आहे हेही कमिटीने लक्षात ठेवावे.

भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. तुम्ही आठ दिवस आधी लेखी कळवायचे, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची प्रत जोडायची. करार नोंदवणे ही जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही.

राहिली फलकावरची नोटीस. उपविधीत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती आणि त्यावर निबंधकांची मंजुरी लागते. कमिटीने आपल्या सहीने फलकावर काहीही लावले तर तो उपविधी होत नाही. ‘बॅचलर नको’, ‘अमक्या समाजाचे नको’, ‘कुत्रा पाळायचा नाही’ या सगळ्या नोटिसांचे मोल तेवढेच. सोसायटीला वागण्याचे नियम करता येतात : रात्रीचा गोंगाट, जिन्यातले सामान, कुत्र्याला साखळी, त्याची घाण उचलणे. ते जरूर करावेत. पण ते सर्वांना सारखे लागू असावेत. मालकाला एक आणि भाडेकरूला एक असे नको.

प्रश्न : मी थकबाकी असलेल्या एका सोसायटीचा खजिनदार आहे. तीन सभासद वर्षभर एक पैसा भरत नाहीत. पाणी तोडावे असे सभेत सर्वांचे म्हणणे पडले. योग्य मार्ग कोणता? (मुलुंड)

उत्तर : पाणी, वीज किंवा लिफ्ट तोडू नका. असा अधिकार उपविधी कमिटीला देत नाहीत, आणि ते केलेत की पैसे बुडवणारा सभासद तक्रारदार होतो आणि तुम्ही आरोपी. कायद्याने सोसायटीला त्याहून धारदार हत्यार दिले आहे : कलम १५४ब-२९ खालचा वसुली दाखला. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे. दिवाणी दाव्याची वर्षे यात जात नाहीत, कारण उपनिबंधक हिशेब तपासून दाखला देतात आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

आधी कागद जमवा. शुल्काचे दर आणि व्याजाचा दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव. त्या सभासदाची महिनावार बिले. त्याचा खातेउतारा. मागणीच्या नोटिसा, साधारण तीन पाठवाव्यात, आणि प्रत्येकीची पोहोच हवी, म्हणजे रजिस्टर टपालाची पावती किंवा हातपोहोच घेतल्याची सही. लेखी मागणी पोहोचूनही तीन महिन्यांत पैसे आले नाहीत की तो सभासद थकबाकीदार ठरतो आणि कमिटीची निवडणूकही लढवू शकत नाही. मग कारवाई करण्याचा कमिटीचा ठराव, सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, उपविधींतला संबंधित भाग आणि चौकशी शुल्काचे चलन जोडून उपनिबंधकांकडे अर्ज. समोरच्याला म्हणणे मांडायची संधी मिळते. दाखला मिळाला की वसुली अधिकारी मागणीची नोटीस काढतो. तरीही पैसे आले नाहीत तर आधी जंगम मालमत्ता आणि मग फ्लॅट जप्त होऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, मागायचे तर सभासदाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. फक्त वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्यांचा उत्साह तिथेच मावळतो.

हे अर्ज फेटाळले जातात किंवा वर्षभर लोंबकळतात ते कशाने, तेही सांगणे भाग आहे. पहिले कारण म्हणजे व्याज. आदर्श उपविधींनुसार ते वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, सरळ असावे आणि दर सभेने ठरवलेला असावा. पण बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मागील बाकी’ या रकान्यात मुद्दल आणि व्याज मिसळतात, आणि पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागते. वर्षभर ३,९१० रुपयांची बारा बिले थकली, दर १८ टक्के असला, पहिल्या बिलाला बारा महिने झाले आणि शेवटच्याला एक, तर सरळ व्याज ४,५७५ रुपयांच्या आसपास येते. तेच चक्रवाढीने सुमारे ४,८३६. पहिल्या वर्षी फरक अडीचशे-पावणेतीनशेचा दिसतो, म्हणून कोणी बघत नाही. पाच वर्षांच्या थकबाकीत तो हजारांत जातो आणि समोरचा वकील नेमके तेच दाखवतो. मुद्दल आणि व्याज यांचे दोन रकाने कायम वेगळे ठेवा.

दुसरे कारण, ठरावच नसणे. ‘दर सगळ्यांना माहीत होता’ याला पुरावा म्हणत नाहीत. तिसरे, बिलात भलत्या रकमा घालणे : गणपतीची वर्गणी, सभेला न आल्याचा दंड, ‘सहकार्य निधी’. उत्सवाची वर्गणी आनंदाने द्यायची असते. ती देखभाल शुल्कात मोडत नाही, आणि तिच्या हजार रुपयांमुळे ऐंशी हजारांची खरी मागणी संशयात येते. अर्ज करण्याआधी अशा रकमा खात्यातून काढून टाका.

प्रश्न : दोन वर्षे सर्वसाधारण सभा झालेली नाही. हिशेब मागितला तर ‘ऑडिट चालू आहे’ असे उत्तर मिळते. (ठाणे)

उत्तर : वर्षाचे वेळापत्रक ठरलेले आहे. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर ४५ दिवसांत हिशेब तयार, चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हवी. नोटीस काढल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. विशेष सभेला पाच दिवस पुरतात. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी ती. लेखापरीक्षकाने दोष दाखवले असतील तर तीन महिन्यांत ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो दिला का, हा प्रश्न सभेत कोणीच विचारत नाही. तुम्ही विचारा.

मुदतीत सभा घेतली नाही तर जबाबदार पदाधिकाऱ्यांना निबंधक पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. म्हणून पहिले पत्र कमिटीला, प्रत उपनिबंधकांना, दोन्हींवर पोहोच. तेवढ्याने काम झाले नाही तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी, विषय स्पष्ट लिहून, विशेष सभेची मागणी करा. कमिटीने ती एका महिन्यात बोलवायची असते. ६० सभासद असतील तर १२ सह्या लागतील. एखादी सही वादात पडली तर मागणी कोसळू नये म्हणून चार-पाच जास्त घ्या, आणि सह्या शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव पहिले आहे त्याच्याच घ्या. पत्नीच्या नावावरच्या फ्लॅटसाठी नवऱ्याने केलेली सही मोजली जात नाही.

हिशेब बघायला सभेची वाटही पाहावी लागत नाही. उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्ते, तसेच तुमच्या स्वतःच्या खात्याचा भाग, हे सगळे कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज आणि ठरलेली फी. दुसऱ्या सभासदाचे खाते मात्र या हक्कात येत नाही.

सभा झाली की इतिवृत्ताकडे लक्ष ठेवा. कच्चे इतिवृत्त हातात आल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ‘सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य न झालेल्या चर्चेवर चिकटवलेले अनेकदा आढळते. त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत गेली नाही, तर पुढे न्यायालयात तेच इतिवृत्त तुमच्याविरुद्ध पुरावा होते.

प्रश्न : कमिटी सभेला न विचारता किती खर्च करू शकते? (कल्याण)

उत्तर : दुरुस्तीवर आदर्श उपविधींप्रमाणे एका वेळी २५ सभासदांपर्यंत २५,००० रुपये, २६ ते ५० सभासद असतील तर ५०,०००, त्याहून अधिक असतील तर १ लाख. पुढच्या खर्चाला सभेची मंजुरी. एकाच रंगकामाची तीन तुकड्यांत तीन बिले करून मर्यादेखाली ठेवणे ही जुनी युक्ती आहे. लेखापरीक्षकाला ते ठेकेदाराच्या नावावरून लगेच दिसते. स्ट्रक्चरल ऑडिट मात्र टाळता येत नाही : इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांवर गेली की तीन वर्षांतून एकदा.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. वरचे म्हणतात सोसायटीने करावे, सोसायटी म्हणते वरच्यांनी. (वसई)

उत्तर : ओल कुठून येते यावर ते ठरते. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरून जाणारे सामाईक पाणी आणि सांडपाण्याचे पाइप यांतून येणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. शेवटच्या मजल्यावर गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून छताचा गिलावा पडला तर तोही सोसायटीनेच करून द्यायचा. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून, संडासातून किंवा सिंकमधून गळत असेल तर खर्च वरच्या सभासदाचा.

कारण शोधायला आधी फोडाफोडी नको. छत बाराही महिने, दिवसरात्र सारखेच ओले राहते का? मग बहुधा भिंतीतली, सतत दाब असलेली नळाची लाइन फुटली आहे. वरच्यांच्या आंघोळीनंतर ओल वाढते आणि ते गावाला गेले की सुकते? मग नहाणी ट्रॅप (न्हाणीघरातल्या जाळीखालचा सांडपाण्याचा जोड) किंवा लाद्यांचे सांधे. फक्त पावसाळ्यात येते? मग बाहेरची भिंत किंवा खिडकीवरचा छज्जा. ट्रॅपचा संशय असेल तर तिथे खाण्याचा रंग मिसळलेले बादलीभर पाणी ओता आणि खाली रंग उतरतो का, ते एक-दोन दिवस पाहा. हे सेक्रेटरी आणि प्लंबर यांच्यासमोर, तारीख घालून, फोटो काढून करा. वरचा सभासद दार उघडत नसेल तर कमिटीला आगाऊ नोटीस देऊन फ्लॅटची पाहणी करता येते.

प्रश्न : पार्किंग कमी, गाड्या जास्त. काहींनी बिल्डरकडून स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा) विकत घेतल्याचे ते सांगतात. (पिंपरी)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालुचंद खटल्यात सांगितले की बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळे पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही, तो सामाईक भाग आहे. तो निकाल १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याखालचा होता. रेरा (स्थावर संपदेचा केंद्रीय कायदा) आल्यानंतरच्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंगचे करार वेगळे तपासावे लागतात, मोकळी जागा मात्र आजही विकता येत नाही. तरी कमिटीने कोणाची जागा दमदाटीने काढून घेऊ नये. वाद असेल तर सहकार न्यायालय.

वाटपाचे नियम सर्वसाधारण सभा करते. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच जागा, एका सभासदाला सहसा एक. गाड्या जास्त असतील तर दरवर्षी सर्वांसमोर चिठ्ठ्या. जागा उरल्या तर दुसऱ्या गाडीला, तेही एका वर्षापुरतेच. पुढच्या वर्षी ज्याला एकही जागा नाही त्याचा हक्क आधी. मिळालेली जागा बाहेरच्याला भाड्याने देता येत नाही. चिठ्ठ्यांचा निकाल त्याच दिवशी इतिवृत्तात गाडीच्या नंबरासह नोंदवा.

प्रश्न : फ्लॅट विकताना सोसायटी ‘विकास निधी’ म्हणून दीड लाख मागते. (नवी मुंबई)

उत्तर : देऊ नका. हस्तांतराचा प्रीमियम महानगरपालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये. ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. ही मर्यादा ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाची आहे. याशिवाय हस्तांतर फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये. देणगी, विकास निधी, रंगकाम निधी अशा कोणत्याही नावाने वर काही घेता येत नाही. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर करताना प्रीमियमही नाही. विक्रेत्याने १५ दिवस आधी नोटीस द्यायची. सोसायटीची एनओसी उपविधींप्रमाणे लागत नाही, बँकेला कर्जासाठी हवी असते तेवढीच.

प्रश्न : बिल महिना ७,५०० च्या वर गेले की जीएसटी कसा लागतो? (ठाणे)

उत्तर : सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि दर सभासदामागे महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर, या दोन्ही गोष्टी असतील तरच १८ टक्के. वाद आहे तो पूर्ण रकमेवर की वरच्या भागावर, यावर. २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकात पूर्ण रकमेवर म्हटले होते; मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर असे सांगितले. पालिकेचा मालमत्ता कर या हिशेबात धरू नये. ७,५०० च्या आसपास असलेल्या सोसायट्यांनी बिल वाढवण्याआधी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा.

प्रश्न : वडिलांनी नॉमिनी म्हणून फक्त मोठ्या भावाचे नाव दिले होते. फ्लॅट आता त्याचा एकट्याचा का? (सातारा)

उत्तर : नाही. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. कलम १५४ब-१३ प्रमाणे सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, तेही कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा सर्व हक्कदारांनी केलेला कुटुंब व्यवस्थेचा दस्त, यांपैकी एक आणा. सोसायटी त्याप्रमाणे नाव लावेल. तुम्ही आजच कमिटीला लेखी कळवून ठेवा की तुम्ही वारस आहात. मग भावाच्या एकट्याच्या नावावर विक्रीची कागदपत्रे पुढे गेली तर सोसायटीला ‘माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : उपनिबंधकांकडे तक्रार केली तर ‘हा विषय आमचा नाही’ म्हणून परत आली. मग जायचे कुठे? (विरार)

उत्तर : बहुतेक तक्रारी खोट्या म्हणून नव्हे, चुकीच्या दारात गेल्या म्हणून परत येतात. सभासदत्व नाकारणे, कागदपत्रे दाखवायला नकार, सभा न घेणे, हिशेब आणि लेखापरीक्षणातली हयगय, नियमबाह्य प्रीमियम हे उपनिबंधकांचे विषय. सभेचा किंवा कमिटीचा ठराव चुकीचा आहे, दुरुस्ती आणि गळती, पार्किंगचे वाटप, पाण्याचे असमान वाटप, जास्त आकारणी हे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. बिल्डरने करार पाळला नाही किंवा बांधकाम निकृष्ट आहे, तर दिवाणी न्यायालय. प्रकल्प महारेराकडे (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर महारेरा. अनधिकृत बांधकाम, बंद केलेला जिना, गच्चीवरची शेड यासाठी पालिकेचे प्रभाग कार्यालय. धमकी, मारहाण, रोजचा उपद्रव यासाठी पोलीस ठाणे.

कुठेही जाण्याआधी सोसायटीकडे लेखी तक्रार झालेली असावी. कमिटीने ती पुढच्या बैठकीत घ्यायची आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा. एका अर्जात एकच विषय ठेवा. पार्किंग, गळती आणि सभा न होणे या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या तर त्यातला एक विषय उपनिबंधकांचा असूनही अख्खे पत्र परत येते. तुमचे पत्रही बहुधा याच कारणाने आले असावे. ते सुटे करा, प्रत्येकाला कमिटीच्या पोहोचेची प्रत जोडा, आणि उपनिबंधकांच्या हद्दीतला भाग पुन्हा द्या.